मामांची ऐकायची खोली

"टाळी वाजव," मामा म्हणाले.

मी वाजवली. रिकाम्या सूतगोदामात ती टाळी एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आपटत गेली आणि डब्यात चिंचोके हलवल्यासारखी टर्रर्र करून विरली.

"ऐकलंस? हे मारायचंय. टाळी ही टाळीच राहिली पाहिजे, तिला शेपूट नको."

मी मान डोलावली, पण माझं लक्ष टाळीकडे नव्हतंच. ते कस्तूकडे होतं. माझी मुलगी, दोन वर्षांची व्हायला आलेली, आमच्याकडे पाठ करून फरशीवर बसली होती. सूत गुंडाळायचा पुठ्ठ्याचा रिकामा कोन घेऊन तो ती फरशीवर घरंगळवत होती. मी तिच्या अगदी मागे उभी राहून टाळी वाजवली होती आणि तिची मान हललीसुद्धा नव्हती.

"पुन्हा वाजवू?"

"वाजव की. जोरात."

तळहात चुरचुरेपर्यंत मी टाळ्या वाजवल्या. कोन घरंगळत कोपऱ्यात गेला, कस्तू त्याच्यामागे रांगत गेली. तिनं वळून बघितलं नाही.

"बास, बास," मामा हसले. "भिंतीला कळलं आता."

मामा म्हणजे माझे सासरे. इचलकरंजीत आमच्याकडे सासऱ्यांना मामाच म्हणतात. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. घराच्या मागच्या भिंतीला लागून आमच्या यंत्रमागांची शेड. कामाची पाळी सुरू झाली की स्वयंपाकघरातली भांडी बारीक थरथरायला लागत, ती दिवे लागून गेल्यानंतरही थांबत नसत. मी वाईची. आमच्या घरी माळ्यावरून मांजर उतरलं तरी कळायचं. लग्न होऊन आले तेव्हा मी घसा बसेपर्यंत ओरडून बोलायचे, आणि मग माझ्या लक्षात आलं की इथं ओरडत कुणीच नाही. मागावरचा माणूस शेडच्या पार त्या टोकाच्या जॉबरला, म्हणजे मुकादमाला, नुसते ओठ हलवून सांगायचा, धोटा अडकलाय, चहा सांग, मेव्हण्याचं लग्न ठरलं काय. जॉबर तिकडून खांदे उडवून हसायचा. मामा तर दारात उभे राहून शेडभर गप्पा हाणायचे, आवाजाचा एक थेंब न सांडता. मला ते कधी जमलं नाही. मी आपली जवळ जाऊन कानात बोलायची.

शेड आता सुहास, माझा नवरा, बघत होता. मामांनी त्याच्याकडे किल्ल्या दिल्या आणि सांगितलं की आयुष्यभर खडखडाट ऐकला, आता जरा गाणं ऐकणार. तरुणपणी सायकल मारत मिरजेला जाऊन बैठका ऐकलेला माणूस. जुन्या तबकड्या त्यांनी ठेवणीतल्या साड्यांसारख्या फडक्यांत गुंडाळून ट्रंकेत जपल्या होत्या. त्यांनी घराच्या पलीकडच्या टोकाचं सूतगोदाम रिकामं केलं, खिडकी विटांनी बुजवली, दाराच्या आत आणखी एक दार बसवलं, मोठे स्पीकर आणले. आणि मग कळलं की सुताची पोती होती तोवर ती खोली घरातली सगळ्यात शांत जागा होती. पोती गेली आणि खोली बोंबलायला लागली.

"तू फिजिक्सवाली," मामा मला म्हणाले. "तू हाताशी राहा."

मी बी.एस्सी.ला ध्वनीवरची दोन प्रकरणं वाचली होती आणि परीक्षा झाल्यावर सोडून दिली होती. तरी मी हो म्हटलं. मला त्या खोलीत गाणं ऐकायचं नव्हतं. मला अशी एक जागा हवी होती जिथं माग ऐकू येत नाहीत, म्हणजे माझ्या मुलीला ऐकू येतं का नाही ते मला कळलं असतं.

कारण कस्तू बोलत नव्हती. रडायची, खिदळायची, पण एक शब्द नाही. आई नाही, बाबा नाही, काही नाही. मी तिच्या मागे ताट पाडून बघायचे. कधी वळायची, कधी नाही. वळली तरी फरशीला हादरा बसला म्हणून वळली असेल असं वाटायचं. गावातल्या डॉक्टरांनी चकचकीत घंटी वाजवली, कस्तूनं बघितलं, डॉक्टर म्हणाले काही मुलं उशिरा बोलतात. त्यांच्या दवाखान्याच्या खिडकीतून दुसऱ्या कुणाचे माग ऐकू येत होते. पुण्याला मशीनवर तपासायचं ठरलं, तारीख मिळाली ती दिवाळीनंतरची. तोपर्यंत मी दिवसभर तिच्याकडे बघत राहायचे. बघून बघून डोळे दुखायचे.

"मी पण उशिरा बोललो," सुहास एकदा जेवताना म्हणाला. "विचार मामांना."

"तुम्ही आता तरी कुठं बोलता."

तो हसला. मग माझं तोंड बघून थांबला. "दिवाळीनंतर जाऊ या म्हटलंय ना पुण्याला."

"पुण्याहून मी वाईला जाणार. तिला घेऊन. या आवाजात नाही ठेवायची तिला."

"किती दिवस?"

"बोलेपर्यंत."

त्यानं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "आणि नाही बोलली तर?"

मामा आमच्या दोघांच्या मध्ये बसले होते, मान खाली घालून भात कालवत होते. नात घरातून जाणार असं मी त्यांच्यासमोर बोलले होते आणि त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. मला त्याचा राग आला. तोही धड येईना, इतकी मी दमलेली असायचे. सकाळी ज्युनिअर कॉलेजवर गणित शिकवायचं, दुपारी येऊन घर, आणि मग खोलीचं काम.

मी कॉलेजला गेले की कस्तू मामांकडे. ते शेडच्या दारात खुर्ची टाकून बसायचे, ती त्यांच्या मांडीवर. मी परत आले की पहिल्यांदा तिच्या तोंडात बोट घालून बघायचे. तिला सारखं तोंड हलवायची सवय लागली होती, काहीतरी चघळत असल्यासारखी. शेडमध्ये सगळीकडे सुताची कुसं उडत असत, ती गिळत असेल अशी मला धास्ती. बोट घातलं की ती माझा हात झटकून रडायची. तोंडात कधी काही सापडलं नाही.

खोलीच्या कामाला कोल्हापूरचे घाटगे म्हणून एक गृहस्थ यायचे. सभागृहांतली ध्वनियंत्रणा बसवायचे, बोलायला एकदम सैल. त्यांनी लाकडी चौकटींत काचेची लोकर भरून त्या भिंतीला लावायच्या असं ठरवलं. तिची कुसं कस्तूच्या पोटात जातील म्हणून मी नाही म्हटलं.

"वहिनी, कापडानं बंद करणार आहे. कुठं उडणार नाही."

"कापड ती चावते."

"मग तिला आत आणू नका."

"तिच्यासाठीच चाललंय," मी बोलून गेले.

घाटगेंनी मामांकडे बघितलं. मामा म्हणाले, "आमच्यात सुताचं वेस्ट काय कमी आहे? ते भरा. गादी म्हणून झोपतोय की आम्ही त्याच्यावर." घाटगे थोडे कुरकुरले, पण टाळी वाजवून बघितल्यावर गप्प झाले. चौकटींत मागावरचं तुटकं सूत दाबून भरलं, वरून आमच्याच शेडचं कोरं कापड. कोपऱ्यांत छतापर्यंत त्याच सुताच्या गठड्या, कारण खर्जातला आवाज कोपऱ्यात जाऊन बसतो म्हणे.

बाजूच्या भिंतीवर चौकट नेमकी कुठं लावायची ते ठरवायला आरसा लागतो. ऐकणाऱ्यानं खुर्चीत बसायचं, दुसऱ्यानं भिंतीवर आरसा सरकवत न्यायचा, खुर्चीतून आरशात जिथं स्पीकर दिसेल तिथं खूण. आरसा माझ्या हातात. मामा खुर्चीत, कस्तू त्यांच्या मांडीवर.

"सरक. सरक. आणखी," मामा सांगत होते.

मध्येच त्यांचं सांगणं थांबलं. मी आरशात बघितलं तर आजोबा-नात एकमेकांकडे तोंड करून दोघंही काहीतरी चघळत होते. मामांना सुपारीची सवय होती. मी आरसा ठेवला आणि जाऊन कस्तूचं तोंड उघडलं.

"मामा, हिला सुपारी दिलीत?"

"मी कशाला देऊ? वेडी आहेस काय."

तोंड रिकामंच होतं. कस्तू रडायला लागली. मी पुन्हा आरसा उचलला.

खोली तयार झाली, पण मामांचं समाधान होईना. तबकडी लावायचे, डोळे मिटून बसायचे, आणि थोड्या वेळानं उठायचे. "तंबोरा कुठं गेला? बाई गातीय, तबला आहे, पेटी आहे. तंबोरा न्हाई. हीच तबकडी मी पूर्वी ऐकली, तंबोरा कसा झणझणायचा." दोन चौकटी काढल्या. मग त्या पुन्हा लावल्या. समोरची भिंत खरवडून लाकूड ठोकलं. स्पीकर पुढे घेतले, मागे नेले. मला तंबोरा आधीपासून ऐकू येत होता. पण मला गाण्यातलं कळत नाही, मामा म्हणतात तो तंबोरा काही निराळा असेल असं समजून मी हातोडी द्यायची, खिळे द्यायची. माझं दुसरंच चाललेलं असायचं. दार लावलं की माग अगदी लांब गेल्यासारखे वाटायचे. मी हळूच हाक मारायचे, "कस्तू." ती कोन घरंगळवत असायची. मी टाळी वाजवायची. काही नाही. आत आल्यावर पहिल्यांदा मला वाटलं होतं की इथं निदान कळेल. आता वाटायला लागलं होतं की कळलंय.

शेवटी घाटगे लॅपटॉप आणि माईक घेऊन आले. खोलीचं माप घ्यायला. खालून वर चढत जाणारा एकच सूर वाजवायचा, माईक तो ऐकणार आणि पडद्यावर रेघ काढणार.

"रेघ बघा काका," घाटगे म्हणाले. "खोली सुतासारखी सरळ झालीय."

"सूत सरळ कधी बघितलंस?" मामा म्हणाले. "मला तुझी रेघ नको. तंबोरा दे."

"बरं. मग कानानं बघू. मी सूर पुन्हा सोडतो. ऐकू यायचा थांबला की हात वर करा. म्हणजे वरचे सूर भिंती खातायत का ते कळेल."

मामा खुर्चीत बसले. मी दाराशी, कस्तू मध्ये फरशीवर. सूर निघाला, घोंगावणाऱ्या भुंग्यासारखा, वर चढत चढत शिट्टीसारखा झाला. मामांनी हात वर केला.

"संपला."

सूर संपला नव्हता. तो खोलीभर होता, दातांत शिरत होता. घाटगेंनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे नाही, कस्तूकडे बघत होते. तिनं कोन सोडला होता. ती उठली, डाव्या स्पीकरकडे चालत गेली आणि त्याच्या कापडावर तिनं तळहात ठेवला.

"घाटगे, आता उजवीकडून," मी म्हटलं. "फक्त हाच सूर."

त्यांनी काहीतरी दाबलं. कस्तूची मान उजवीकडे वळली.

"डावीकडून."

वळली.

"पुन्हा उजवीकडून. हळू आवाजात."

वळली. मी त्यांना पुन्हा सांगितलं, पुन्हा सांगितलं. तिला ऐकू येत होतं. टाळी, ताट, खडखडाट हे तिच्या लेखी आवाजच नव्हते, जन्मल्यापासून तिनं दुसरं ऐकलं काय होतं. हा सूर तिला नवीन होता. मी तिच्याशेजारी फरशीवर बसले आणि घाटगेंना सूर आणखी एकदा सोडायला सांगितलं.

"वहिनी, पुरे आता. कानठळ्या बसतील सगळ्यांना," घाटगे म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांनी मामांकडे बघितलं.

मामांचा हात अजून वरच होता. ते कस्तूची मान इकडून तिकडे वळताना बघत होते.

"वाजतोय होय अजून?" त्यांनी विचारलं.

घाटगेंनी पडद्याकडे बघितलं. "वाजतोय काका."

मामांनी हात खाली घेतला. "म्हणजे खोली बरोबर आहे."

"खोली उत्तम आहे."

"आणि तंबोरा?"

"तबकडीत आहे काका. पहिल्यापासून आहे."

"असू दे," मामा म्हणाले. "उगाच भिंतीला शिव्या घातल्या."

घाटगेंनी सामान आवरलं, चहा नको म्हणाले आणि गेले. मी दार लावलं. मामांचे कान मागांनी खाल्ले होते. तोंड खाली असलं की त्यांना बोललेलं कळत नाही, जेवताना ते वर बघत नाहीत, हे सगळं मला आता एकामागून एक दिसत होतं. कस्तू जाऊन त्यांच्या गुडघ्याला टेकली आणि वर बघून तिचं ते चघळणं सुरू झालं.

"थांब, देतो," मामा म्हणाले, आणि खुर्चीखालचा तांब्या घेऊन तिला पाणी पाजायला लागले.

"कुणी मागितलं पाणी?" मी विचारलं. ते खाली बघत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन पुन्हा विचारलं.

"हिनं की."

"मामा, ती काही बोलली नाही."

"बोलली की. मघापासून दोनदा बोलली, तुम्ही ते शिट्टीचं करत होता म्हणून."

"आवाज आला नाही तिचा."

मामांनी माझ्याकडे बघितलं. मग कस्तूकडे. तिनं तोंड पुसलं आणि पुन्हा ओठ हलवले. त्या खोलीत एवढी शांतता होती की तिचा श्वास ऐकू येत होता, आणि श्वासाशिवाय काही नव्हतं. ओठ मिटले, उघडले. पुन्हा मिटले नाहीत.

"आता काय म्हणाली?" मी विचारलं.

"आणखी दे म्हणाली."

"आणखी काय काय म्हणते ती?"

"सगळं म्हणते. भूक, चल, नको. मला आबा म्हणते. सुहासला बाबा." मामांचा आवाज बारीक झाला. "तुला आई म्हणते की. तू दुपारी आलीस की दारातच हाक मारते. तू बघत न्हाईस, तिच्या तोंडात बोट घालतीस, म्हणून तर रडते. मी म्हटलं, आईला घाई असेल."

शेडच्या दारात, मांडीवर घेऊन, दिवसचे दिवस ते तिच्याशी बोलत होते. जसं सगळ्यांशी बोलत आले तसंच. आणि तिनं ते शिकून घेतलं होतं, जसंच्या तसं.

"मामा, तुम्ही तिला मुकं बोलायला शिकवलंत," मी म्हटलं.

मी कस्तूला उचललं. "मी तिला वाईला नेते. आता दिवाळीची वाट पण बघत नाही."

"ने," ते म्हणाले. मग तांब्या खाली ठेवून म्हणाले, "पण तिथं तिचं कुणाला कळणार गं? पाणी मागितलं तर कोण देणार?"

मी दाराची कडी धरून उभी होते. दार उघडलं की पुन्हा माग.

"दिवाळीपर्यंत थांब," मामा म्हणाले. "ह्या खोलीत बसवतो तिला. शेडकडं नेत न्हाई. नुसत्या ओठांनी बोललं की मी उत्तर देणार न्हाई. बघणारच न्हाई तिच्याकडं. तिला यायचं असेल माझ्यापर्यंत तर आवाजानं येऊ दे."

"तुम्हाला कळेल आवाज काढला तर?"

"मला कशाला कळायला पाहिजे? तू आहेस की."

मी कॉलेजमधून रजा घेतली. रोज सकाळी आम्ही तिघं त्या खोलीत जायचो. मामा तिच्याशी मोठ्यानं बोलायचे, गोष्टी सांगायचे, मांडीवर घेऊन तिचा तळवा आपल्या गळ्यावर ठेवायचे. ते झालं की तिला खाली ठेवून भिंतीकडे तोंड करून बसायचे. कस्तू पुढे जायची, ते खुर्ची वळवायचे. ती पुन्हा पुढे जायची, ते पुन्हा वळवायचे. तिला आधी तो खेळ वाटला. मग नाही वाटला. ती त्यांचं धोतर ओढायची, लाथा मारायची, रडून लाल व्हायची, आणि मामा त्या सुताच्या चौकटीकडे बघत दगडासारखे बसायचे. एकदा मीच म्हटलं, पुरे, बघा तिच्याकडे. मी मागे होते, त्यांना कळलं नाही. ती रडून फरशीवर झोपली. मी पण तिच्याशेजारी झोपले. सुहास जेवायला बोलवायला आला तेव्हा आम्ही तिघं तशीच होतो.

"हे काय चाललंय?" तो म्हणाला. "तिला तुरुंगात टाकलंय का तुम्ही?"

मी कस्तूला उचलून त्याच्याकडे दिलं.

त्यानंतरही काही दिवस काहीच झालं नाही. मामांनी तबकड्या लावायच्या सोडून दिल्या होत्या. मी मनातल्या मनात वाईची बॅग भरायला घेतली होती. त्या सकाळी मी दाराशी भिंतीला पाठ टेकून बसले होते, डोळे मिटत होते. मामा पाठमोरे. कस्तू त्यांच्या खुर्चीमागे उभी होती. आज ती पुढे गेली नाही. धोतर ओढलं नाही. खुर्चीच्या पाठीला धरून तिनं नुसतं वर बघितलं.

"आबा," ती म्हणाली.

खरखरीत होता आवाज, कधी न वापरलेला. मला वाटलं मला झोप लागलीय. मामा तसेच बसले होते, मान सरळ, भिंतीकडे. त्यांना काहीच पोचलं नव्हतं. तिनं खुर्चीच्या पाठीवर थाप मारली आणि पुन्हा म्हणाली, "आबा."

मी उठून मामांच्या समोर गेले, त्यांना माझं तोंड दिसेल अशी.

"आली काय?" त्यांनी विचारलं. त्यांचे हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट होते.

"आली."

"काय म्हणाली?"

"आबा म्हणाली. दोनदा."

त्यांनी डोळे मिटले. मग उघडले, कारण मिटून त्यांना माझं बोलणं दिसलं नसतं. "कसा आहे गं आवाज?"

"जाडा आहे," मी म्हटलं. "मुलीच्या मानानं जाडाच आहे."

"वळू काय?"

मागे कस्तू रडकुंडीला आलेली मला दिसत होती. तिचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, आणि पुन्हा उघडत होतं.

"थांबा," मी म्हटलं. "मला आणखी एकदा ऐकू द्या."